रीत आणि दाद

शाळेत आमच्या गणिताच्या बाई पेपर तपासताना उत्तराकडे सगळ्यात शेवटी बघायच्या. आधी पायऱ्या. उत्तर बरोबर आणि पायऱ्या गायब असल्या, की हे शेजारच्याच्या पेपरातून आलंय असं त्या गृहीतच धरायच्या, तिथं भोपळा. उलट उत्तर चुकलेलं पण रीत बरोबर, तर चारातले तीन गुण हातात. तेव्हा हा अन्याय वाटे. चाळीस वर्षांनी, यंत्रांनी घेतलेल्या निर्णयांवर पुस्तक लिहायला बसलो तेव्हा पहिल्याच पानावर बाई आठवल्या. कर्ज नामंजूर झालं, लाभार्थ्यांच्या यादीतून नाव गळालं, प्रवेश भलत्याच कॉलेजात लागला. उत्तर समोर येतं, पायऱ्या दिसत नाहीत. शेजारच्याच्या पेपरातून आल्यासारखं.

म्हणून या पुस्तकाचं नाव आधी 'रीत कुठाय?' असं ठरलं होतं. अल्गोरिदमला मराठीत सरळ 'रीत' म्हणावं असं मला अजूनही वाटतं. भागाकाराची रीत, व्याज काढायची रीत. ठरलेल्या पायऱ्या, ठरलेला क्रम, आणि कुणीही केलं तरी तेच उत्तर. अल्गोरिदम म्हणजे मुळात एवढंच. फरक इतकाच, की आता पायऱ्या अगणित असतात आणि त्यांतल्या पुष्कळशा माणसानं लिहिलेल्या नसून यंत्रानं जुन्या नोंदी चाळून स्वतःच बसवलेल्या असतात. शब्द मात्र जुना आहे, आणि त्याचा एक धागा आपल्याकडे येतो. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मी नावाच्या गणितज्ञानं हिंदी अंकांनी आकडेमोड कशी करायची यावर पुस्तक लिहिलं. ते लॅटिनमध्ये गेलं तेव्हा त्याच्या नावाचाच अपभ्रंश होऊन हा शब्द जन्मला. गंमत म्हणजे अविश्वासही तेव्हापासूनचा. १२९९ साली फ्लॉरेन्समधल्या सराफांच्या संघानं आपल्या सभासदांना हिशेबाच्या वह्यांत हे नवे अंक वापरायला बंदी केली होती. शून्याचा सहा सहज करता येतो, ही भीती त्यामागे होती असं सांगतात. म्हणजे रीत कितीही चांगली असो, ती वापरणाऱ्या हातावर भरवसा नव्हता.

पुस्तकाचं नाव पुढे बदललं. ते का बदललं हे सांगितलं, की बरीचशी प्रस्तावना सांगून होईल.

कारण घडलं इंग्लंडमध्ये. मार्च २०२० मध्ये तिथं शाळा बंद झाल्या आणि 'ए लेव्हल'च्या परीक्षा रद्द झाल्या. आपल्या बारावीसारखी ही परीक्षा. विद्यापीठातला प्रवेश तिच्यावर ठरतो. परीक्षांवर देखरेख करणाऱ्या ऑफक्वाल या संस्थेनं मग रीत बसवली. शिक्षकांनी प्रत्येक विद्यार्थ्याची अपेक्षित श्रेणी कळवायची आणि वर्गातल्या मुलांचा पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रम लावून द्यायचा. त्यानंतर त्या शाळेचे त्या विषयातले मागच्या तीन वर्षांचे निकाल घ्यायचे, यंदाच्या मुलांच्या आधीच्या गुणांनुसार त्यात थोडी दुरुस्ती करायची, आणि तयार झालेल्या श्रेण्या शिक्षकांनी लावलेल्या क्रमानं वाटून टाकायच्या. शिक्षक लाडानं सढळ हातानं गुण देतात, म्हणून त्यांच्या श्रेणीला मोठ्या वर्गांत जवळजवळ किंमत नाही. किंमत फक्त क्रमाला.

१३ ऑगस्टला निकाल लागला. शिक्षकांनी कळवलेल्या श्रेण्यांपैकी सुमारे ३९ टक्के खाली आल्या होत्या. ज्या शाळेत तीन वर्षांत कुणाला सर्वोच्च श्रेणी मिळाली नव्हती, तिथल्या पोरीनं यंदा कितीही झेप घेतलेली असो, तिच्या वाट्याला ती श्रेणी येणं फार अवघड. तिच्या आधीच्या मुलांचा निकाल तिच्या पायात अडकलेला. वर्गात अगदीच थोडी मुलं असतील तर मात्र आकडेवारीला अर्थ उरत नाही, म्हणून तिथं शिक्षकांचा शब्द मानला गेला. आता पाच-सात मुलांचे वर्ग कुठं असतात? बहुतेक महागड्या खाजगी शाळांत. कुणीही दुष्टपणा केला नाही, आणि तरी फायदा व्हायचा त्यांचाच झाला.

लंडनमध्ये शिक्षण खात्याच्या दारात मुलं जमली आणि त्यांनी अल्गोरिदमचं नाव घेऊन शिव्या दिल्या. एखाद्या गणिती रीतीविरुद्ध रस्त्यावर घोषणा झाल्याचा असा प्रसंग मला तरी दुसरा आठवत नाही. १७ ऑगस्टला, म्हणजे चार दिवसांत, सरकारनं ती रीत गुंडाळली आणि शिक्षकांच्या श्रेण्या मान्य केल्या. त्याच महिन्यात पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी एका शाळेत मुलांसमोर बोलताना सगळं खापर बिघडलेल्या अल्गोरिदमवर फोडलं. जणू तो कुठून तरी रात्रीत उगवला होता आणि त्याला कामाला कुणी लावलंच नव्हतं.

माझ्या शीर्षकाला तडा गेला तो इथं. ऑफक्वालनं रीत लपवून ठेवली नव्हती. निकालाच्याच दिवशी त्यांनी ३१९ पानांचा अहवाल प्रसिद्ध केला. सूत्रं, चाचण्या, उणिवा, सगळं त्यात. आमच्या बाईंनी पैकीच्या पैकी गुण दिले असते. राग तसूभरही उतरला नाही. अठरा वर्षांच्या मुलीला ३१९ पानं नको होती. तिला विचारायचं होतं, 'मी कुणाला भेटू?' आणि त्याचं उत्तर नव्हतं. अपील शाळेनं करायचं, विद्यार्थ्यानं नाही. तेही माहिती चुकीची भरली गेली असेल तर. 'माझा अंदाज चुकीचा बांधला गेलाय' ही तक्रार नोंदवायला रकानाच नव्हता. १५ ऑगस्टला सराव परीक्षेच्या गुणांवर अपील करण्याचे नियम जाहीर झाले आणि त्याच रात्री मागेही घेतले गेले. दार उघडल्याचा आवाज आला आणि लगेच कडी लागल्याचा.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हे पुस्तक यंत्राविरुद्धचं गाऱ्हाणं होईल. शिक्षकांच्या श्रेण्या मान्य केल्यावर इंग्लंडमध्ये वरच्या दोन श्रेण्यांचं प्रमाण आदल्या वर्षीच्या २५ टक्क्यांच्या आसपासवरून एकदम ३८च्या आसपास गेलं. एका वर्षात देशातली मुलं इतकी हुशार होत नाहीत. माणसांनीही चूक केलीच. पण ती मायेच्या बाजूनं केली, म्हणून कुणी तिच्याविरुद्ध घोषणा दिल्या नाहीत.

आपल्याकडे याचा पुरावा पुढच्याच वर्षी मिळाला. २०२१ मध्ये महाराष्ट्रात दहावीची परीक्षा रद्द झाली आणि सूत्र ठरलं: नववीच्या निकालाला ५० गुण, दहावीच्या वर्षभरातल्या अंतर्गत मूल्यमापनाला ३०, तोंडी-प्रात्यक्षिक वगैरेला २०. १६ जुलैला निकाल लागला, ९९.९५ टक्के. हीसुद्धा रीतच होती, आणि तिच्यावरही हवे तेवढे आक्षेप घेता आले असते. नववीत टिवल्याबावल्या करून दहावीत मान मोडून अभ्यास करणारी आपली निम्मी पिढी; त्यांचं काय? पण सगळेच पास म्हटल्यावर रीत कोण विचारतो? पेढे वाटून झाले. कुरबुर सुरू झाली ती अकरावीच्या जागा वाटायची वेळ आल्यावर. त्यासाठी सरकारनं वेगळी सीईटी ठरवली आणि मुंबई उच्च न्यायालयानं १० ऑगस्टला ती रद्द केली. त्याआधीच्या वर्षी तर भूगोलाचा पेपर झालाच नव्हता आणि बाकीच्या विषयांच्या सरासरीनं त्याचे गुण दिले होते. त्यावर फारशी ओरड ऐकू आली नाही. भूगोलाला आपण मनावर घेत नाही, हेही कारण असेल.

म्हणजे उत्तर सोयीचं आलं की रीतीवर विश्वास आणि गैरसोयीचं आलं की अविश्वास, इतकंच आहे का हे? काही दिवस मला तसं वाटत होतं. मग घरातल्या एका लग्नाची बोलणी सुरू झाली आणि पत्रिका बाहेर निघाल्या.

गुणमेलन ही आपल्याकडची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात जास्त वापरलेली निवडीची रीत म्हणता येईल. आठ कूटं: वर्णाला १ गुण, वश्याला २, तारेला ३, असं चढत चढत नाडीला ८; एकूण ३६. दोघांची जन्मनक्षत्रं आणि राशी घालायच्या, बेरीज बाहेर येते. १८ आले तर बोलणी पुढे. माणूस कसा आहे, दारू पितो का, आईशी कसा बोलतो, यातलं काहीही ही रीत विचारत नाही. नाडीला आठच का, सात का नाहीत, हे मी आजवर कुणाला विचारताना ऐकलेलं नाही. (३६ गुण जुळणं म्हणजे परमभाग्य, आणि छत्तीसचा आकडा म्हणजे उभा दावा, एकाच संख्येचे हे दोन अर्थ एकाच भाषेत सुखानं नांदतात. ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसतात त्याला बिचारा जोशी काय करणार?) माझा पत्रिकेवर विश्वास नाही. पण तिच्यावर इतक्यांचा इतका काळ विश्वास का टिकला, हा प्रश्न या पुस्तकाच्या कामाचा आहे.

कारण पत्रिकेशेजारी जोशीबुवा बसलेले असतात. एकनाड निघाली? नक्षत्र एक असलं तरी चरण वेगळे आहेत, चालेल. मंगळ आहे? शांत करून घेऊ. मुलगी सगळ्यांच्या मनात भरलेली असली की गुण वाढवता येत नाहीत, पण वाट काढता येते. आणि नको असली तर? 'स्थळ उत्तम आहे हो, पण पत्रिका जमत नाही.' हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरानं एकदा तरी उच्चारलेलं आहे किंवा ऐकलेलं आहे. सावळा रंग, कमी पगार, लांबचं गाव, खरं कारण काहीही असो, दोष नक्षत्रांच्या माथी जातो आणि कुणाचा अपमान होत नाही. रीत आपली ढाल होते तेव्हा ती आपल्याला फार आवडते.

तीच ढाल समोरच्याच्या हातात गेली की चित्र पालटतं. रेशन दुकानात म्हातारीचा अंगठा उठत नाही. शेतात राबून रेषा झिजलेल्या. दुकानदार तिला तीस वर्षं ओळखतो, तिच्या सुनेच्या बाळंतपणाचीही त्याला खबर असते. पण तो म्हणतो, 'मशीन घेत नाही मावशी, मी काय करू?' बँकेत व्यवस्थापक म्हणतो, 'तुमचं सिबिल खराब आहे.' तीनशे ते नऊशे या पट्टीवर आपण कुठं बसतो आणि का, हे त्यालाही धड सांगता येत नाही. 'मी काय करू' हे वाक्य जितक्या वेळा ऐकू येतं, तितका अविश्वास वाढतो; आणि तो यंत्रावरचा जितका असतो त्याहून जास्त त्यामागे उभ्या राहिलेल्या माणसावरचा असतो.

नेदरलँड्समध्ये या वाक्यानं सरकार पाडलं. मुलांच्या पाळणाघरासाठी पालकांना मिळणाऱ्या भत्त्यात गैरव्यवहार होतो म्हणून तिथल्या कर खात्यानं जोखीम मोजणारी यंत्रणा बसवली होती. अर्जदार डच नागरिक आहे की नाही, हाही तिच्यातला एक निकष. संशयाची खूण लागली की एखादी सही राहून गेली एवढ्यावरूनही वर्षांवर्षांचा भत्ता व्याजासकट परत मागितला जाई. हजारो कुटुंबं कर्जात बुडाली, संसार मोडले. न्यायालयंही बरीच वर्षं खात्याच्याच कडक अर्थाच्या बाजूनं राहिली. १५ जानेवारी २०२१ रोजी मार्क रुटे यांच्या मंत्रिमंडळानं राजीनामा दिला. पुस्तकातलं सगळ्यात लांब प्रकरण याच घटनेवर आहे, म्हणून इथं थांबतो. बँकांवरचं प्रकरण मात्र माझं मलाच कोरडं वाटतं. घाईत असाल तर ते गाळलंत तरी माझी हरकत नाही.

हे सगळं मानसशास्त्रानं बरंच तपासलेलं आहे, आणि त्यातलं पहिलं पुस्तक सत्तर वर्षांपूर्वीचं आहे. १९५४ मध्ये मिनेसोटातले पॉल मील यांनी तज्ज्ञांचे अंदाज आणि साध्या सूत्राचे अंदाज यांची तुलना करणारे तेव्हाचे अभ्यास गोळा केले. कैदी पुन्हा गुन्हा करेल का, विद्यार्थी पुढं टिकेल का, असले प्रश्न. अनुभवी तज्ज्ञ सूत्राला मागे टाकतील अशीच कुणाचीही अपेक्षा. जवळजवळ सगळीकडे सूत्र बरोबरीला आलं किंवा पुढे गेलं. तज्ज्ञांना हे रुचलं नाही, आणि आजही रुचत नाही. २०१५ मध्ये व्हार्टनच्या डिटव्होर्स्ट, सिमन्स आणि मॅसी या तिघांनी प्रयोग केले. लोकांना आधी सूत्राचे अंदाज चुकताना दाखवले. सूत्र माणसापेक्षा कमी चुकतंय हे डोळ्यांनी पाहिल्यावरही पुष्कळांनी सूत्र सोडून माणसाचा अंदाज निवडला. आपल्या रोजच्या जगण्यात हे कुणीही ताडून पाहावं. रिक्षावाल्यानं चुकीच्या गल्लीत घातलं तर 'चुकलं साहेब' म्हणतो आणि आपण विसरतो. मोबाइलच्या नकाशानं एकदा कुणाच्या तरी अंगणात नेऊन सोडलं, तर तो किस्सा वर्षभर पुरतो. माणूस चुकला तर तो शिकेल अशी आशा असते. यंत्र चुकलं की ते तसंच आहे, असं आपण ठरवून टाकतो. आणि शिकणाऱ्या यंत्रांच्या काळात हा समज उलटा ठरला तरी मनाला ते पटत नाही.

याच तिघांचा नंतरचा, २०१८ साली छापून आलेला प्रयोग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यात लोकांना सूत्राचं उत्तर थोडंसं बदलायची मुभा दिली. तेवढ्यानं सूत्र वापरायला तयार होणारे कितीतरी वाढले. आणि ही मुभा किती मोठी आहे याला फारसं महत्त्व नव्हतं. अगदी किंचित असली तरी चालत होती. जोशीबुवा 'चरण वेगळे आहेत' म्हणतात तेव्हा ते दुसरं काय करत असतात?

त्याउलट १९५२ मध्ये व्हर्जिनिया अपगार या भूलतज्ज्ञ बाईंनी नवजात बाळासाठी सुचवलेली पाच लक्षणांची, दहा गुणांची बेरीज पाहा. ठोके, श्वास, रंग, हालचाल, प्रतिसाद. प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन. ही शंभर टक्के रीत आहे, जगभरच्या प्रसूतिगृहांत वापरली जाते, आणि तिच्याविरुद्ध कुणी घोषणा दिल्याचं ऐकिवात नाही. बेरीज करणारी परिचारिका बाळाला हातात धरून उभी असते.

म्हणून 'रीत कुठाय?' हे नाव मी सोडलं. मराठीत एक शब्द आहे जो या प्रश्नाच्या मर्मावर बसतो: दाद. दाद मागणं, दाद लागणं, दाद न देणं. गायकाला मिळते तीही दाद आणि कचेरीत लागत नाही तीही. दोन्हीकडे अर्थ एकच: समोर कुणी तरी आहे आणि माझं म्हणणं त्याच्या कानापर्यंत पोहोचलंय. निर्णय बरोबर आहे की चूक हा पुढचा प्रश्न.

शेवटचं प्रकरण दुष्काळावर आहे आणि तेच या पुस्तकाचं मूळ आहे. आपल्याकडे पीकपाणी मोजायची जुनी रीत म्हणजे आणेवारी, पुढे पैसेवारी. गावातली शेतं निवडायची, दहा बाय दहा मीटरचा तुकडा आखायचा, पीक कापून, मळून, वजन करायचं आणि चांगल्या वर्षाच्या उताऱ्याशी ताडून बघायचं. ५० पैशांच्या खाली आलं की सवलतींचा रस्ता मोकळा. नजर पैसेवारी, हंगामी पैसेवारी, अंतिम पैसेवारी, मध्ये हरकती. समितीत तलाठी, सरपंच आणि गावातलेच शेतकरी. हे सगळं फार पवित्र होतं असं मी म्हणणार नाही. आकडा वरून ठरून येतो, ४९चे ५१ कसे होतात ते आम्हाला ठाऊक आहे, असं कोणत्याही पारावर ऐकायला मिळे. पण त्या आकड्यावर भांडता येत होतं आणि भांडायला माणूस गावातच होता.

मग केंद्राची २०१६ची दुष्काळ संहिता आली. पावसाची तूट आणि खंड ही पहिली कळ. ती दाबली गेली, की उपग्रहावरून दिसणारी झाडोऱ्याची हिरवळ, जमिनीतली ओल, पेरणीचं क्षेत्र, पाणीसाठा ही दुसरी. शेवटी यादृच्छिक निवडलेल्या १० टक्के गावांत प्रत्यक्ष जाऊन सत्यमापन. कागदावर ही रीत पैसेवारीपेक्षा जलद आहे आणि स्थानिक दबावाला कमी बळी पडणारी आहे, हे मी मान्य करतो. २०१८ मध्ये ३१ ऑक्टोबरला १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. २०२३ मध्ये त्याच तारखेला ४० तालुके जाहीर झाले आणि उरलेल्या महाराष्ट्रातून अशी ओरड उठली, की थोड्याच दिवसांत सुमारे हजार महसूल मंडळांत 'दुष्काळसदृश' परिस्थिती मानावी लागली. 'सदृश' हा शब्द दाद देण्यासाठीच कोशातून काढला असावा. उपग्रहाला हिरवं दिसलं, मग ते बाजरीचं होतं की वेड्या बाभळीचं, ही शंका मी त्या वर्षी निदान डझनभर गावांत ऐकली. उपग्रहावर मोर्चा नेता येत नाही, म्हणून तो तहसीलवर जातो. तिथं तहसीलदार म्हणतात, मी काय करू.

त्याच हंगामातली एक दुपार. एका तालुक्यात सत्यमापनासाठी निघालेल्या कृषी सहायकाच्या मोटारसायकलवर मी मागे बसून फिरत होतो. एका फाट्यावर पाच-सहा शेतकऱ्यांनी गाडी थांबवली. त्यांच्या गावाचं नाव यादीत नव्हतं. सहायकानं खिशातला छापील कागद काढून दाखवला.

'ही गावं कुणी निवडली?' एका म्हाताऱ्यानं विचारलं.

'कॉम्प्युटरनं, आबा. आमच्या हातात नसतं ते.'

म्हाताऱ्यानं कागद हातात घेतला, लांब धरून बघितला आणि परत दिला. 'मग त्याला एकदा घेऊन या की शिवारात.'

सगळे हसले, सहायकही हसला. मग त्यानं गाडीच्या टाकीवर कागद पसरला आणि छापील यादीच्या खाली पेनानं त्या गावाचं नाव लिहिलं. या लिहिण्यानं काही होणार नव्हतं, हे त्याला माहीत होतं; आबालाही माहीत असावं. आम्ही गाडी तिथंच लावली आणि बांधावरून आबाच्या तुरीकडे निघालो.